शिळा सामना

रविवार, संक्रांतीनंतरचा दुसरा, दुपारची वेळ. हजर: मी, आमचे हे, सासरे, धाकटी जाऊ आणि शेजारच्या काकू. फोनवर हजर: धाकटे दीर, मैदानाच्या कडेला उभे. टीव्हीत हजर: त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी. तिच्यासाठीच हे सगळं जमवलं होतं.

याद्या करायची मला सवय आहे. घरातले हसतात, पण लग्नकार्यात हळदीकुंकवाचं ताट कुठं ठेवलंय हे विचारायला माझ्याकडंच येतात. त्या रविवारची यादीही मी आधीच करून ठेवली होती. काकूंकडून दोन खुर्च्या आणायच्या. सासऱ्यांच्या पाठीला लोड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का बघायचं. खायला चुरमुऱ्यांचा सुशीला आणि धपाटे, बरोबर दही आणि शेंगाची चटणी. फोनवर दिसणारा सामना टीव्हीवर आणायचं काम यांच्याकडं. ते म्हणाले, एका बटणाचं काम आहे.

सामना खो-खोचा होता, राज्याच्या स्पर्धेतला शेवटचा, आणि आमच्या जिल्ह्याच्या मुली त्यात पोचल्या होत्या. जाऊ आणि सासरे सकाळच्या एसटीनं बेंबळीहून आमच्याकडं धाराशिवला आले होते, कारण गावाकडं घरात रेंज धरत नाही.

यादीत एक काम मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. ते होतं जावेला टीव्हीसमोर बसवायचं.

आठवड्यापूर्वी पुतणीचा सरावाच्या शिबिरातून फोन आला होता. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती, पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला जायचं होतं. ती म्हणाली, "मोठी मम्मी, हा माझा शेवटचा सामना. जिंकलो, हरलो, कायबी होऊ दे. मम्मीनं मला एकदा पळताना बघावं. तेवढं कर."

मी लगेच हो म्हटलं. हो म्हणताना काम किती अवघड आहे हे मला ठाऊक होतं.

जावेनं लेकीचा खेळ आयुष्यात दोनदाच बघितला होता. पहिल्यांदा तुळजापूरला, पोरगी शाळेत असताना. हिनं नवी साडी नेसून पहिल्या रांगेत जागा धरली, आणि शिट्टी वाजल्यावर पहिल्याच ‘खो’ला पोरगी बाद. दुसऱ्यांदा मुरुमला. हिनं डबा नेला होता. पोरगी छान पळत होती, तोंडभरून हिनं शेजारणीला सांगितलं की ती बघा, ती माझी, आणि त्याच क्षणी पोरगी घसरली अन् मनगट मोडून बसली. दवाखान्यात प्लॅस्टर घालताना तिथं बसलेली एक म्हातारी म्हणाली, बाहेरच्याची नजर मिठामिरचीनं उतरती बाई, मायची नजर कशानं उतरत न्हाय. म्हातारी कोण होती, कुठली होती, काही माहीत नाही. ती आपली बोलून निघून गेली, आणि जावेनं त्या दिवसापासून लेकीच्या सामन्याला जायचं सोडलं. डबा करून द्यायची, बूट धुऊन द्यायची, रानातून आल्यावर तिच्या पायाला तेल लावायची. सामन्याचा विषय निघाला की मात्र गोठ्याकडं जायची.

मी तिच्याशी वाद घातला नाही असं नाही. पण नजरेबद्दल वाद घालून कोणी जिंकल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

तर रविवार. सामन्याची वेळ झाली तेव्हा यांचं एका बटणाचं काम चालूच होतं. टीव्हीवर आधी यांच्या फोनमधले फोटो आले, मग कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ, मग काहीच नाही. सासरे लोडाला टेकले होते, ते सरळ बसले. काकू दर थोड्या वेळानं विचारत होत्या, सुरू झालं का. मी वायर काढली, घातली, राउटर बंद करून चालू केला. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. ताटल्या मांडल्या, परत रचल्या, चमचे मोजले.

जाऊ स्वयंपाकघरात धपाटे थापत होती. मी म्हटलं, झालेत तेवढे पुरे, ये बाहेर. ती म्हणाली, गरम गरम बरे लागतात. तिचं तोंड भिंतीकडं आणि पाठ दाराकडं होती. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरातला ओटा दिसतो, म्हणजे ओट्यापासूनही टीव्ही दिसतो. म्हणून ती तशी उभी होती.

शेवटी चित्र आलं. मैदान, मधोमध ओळीनं बसलेल्या मुली, दोन टोकांना खांब. काकूंना नियम सांगायचं काम सासऱ्यांनी घेतलं. तरुणपणी ते आट्यापाट्या खेळायचे, आणि त्यांच्या मते खो-खो ही आट्यापाट्यांची धाकटी बहीण. बसलेल्या आहेत त्या पकडणाऱ्या, एकीआड एक तोंडं उलटी. पळणाऱ्या तिघी तिघींच्या तुकडीनं येणार. पाठीमागून हात लावून खो म्हटलं की बसलेली उठून पळतीच्या मागं लागणार. काकूंनी विचारलं, आपल्या बसलेल्या की पळणाऱ्या? आपल्या पळणाऱ्या, सासरे म्हणाले. मग ह्या बसलेल्या कशाला बघायच्या, काकू म्हणाल्या.

पहिल्या डावात पुतणी पळाली ती मला अजून दिसते. पकडणारीच्या हाताला पाठ लागते लागते असं वाटावं आणि ही खांद्यातून वळून दुसऱ्या बाजूला. सासरे प्रत्येक वळणाला लोडावर हात आपटत होते. हे, ज्यांना एरवी क्रिकेटशिवाय काही खेळ वाटत नाही, ते उभेच राहिले. काकूंनीसुद्धा नियम विचारायचं सोडलं. मी मागं वळून बघितलं. जाऊ थापत होती. आम्ही ओरडलो की तिचा हात थांबे, आणि आवाज थांबला की पुन्हा चाले. ओट्यावर धपाट्यांची चळत आमच्या पाच माणसांच्या मानानं फारच वाढली होती.

मी आत जाऊन म्हटलं, अगं, काय पळतीय पोरगी, एकदा तरी बघ. ती हळूच म्हणाली, "अक्का, चांगलं चाललंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या. मला बलवू नका."

मी दह्याचं पातेलं उचललं आणि बाहेर आले.

मधल्या वेळात मी सगळ्यांना सुशीला वाढला. कुणाचं खाण्यात लक्ष नव्हतं. दिरांचा फोन आला तो तेव्हा, माझ्या मोबाइलवर. मैदानावरून त्यांनी विचारलं, दिसतंय का नीट. यांनी हो म्हटलं आणि फोन स्पीकरवर ठेवून टीव्हीजवळच्या स्टुलावर ठेवला, की तिकडचा आवाजही ऐकू यावा. इथून पुढं घोटाळा सुरू झाला.

आमच्या मुली पुन्हा पळायला उतरल्या होत्या. समोरच्या संघाला गुण भरून काढायचे होते. टीव्हीवर पहिल्या तुकडीतल्या तिघीही पळत होत्या, तोवर फोनमधून दीर म्हणाले, "गेली, एक गेली."

सासऱ्यांनी टीव्हीकडं बघितलं. तिघी होत्या. "कोण गेली रं? तिघी हायत की."

"गेली अण्णा, बसली ती बाहीर."

"ह्याला ल्हानपणापासून हीच खोड. पुढचं सांगायचं," सासरे आम्हाला म्हणाले. ते बोलतायत तोवर टीव्हीवर एक मुलगी बाद झाली.

मग दुसरी. तीही आधी फोनमध्ये गेली आणि नंतर टीव्हीत. काकूंना वाटलं दीर भविष्य सांगतात. यांनी समजावलं की तिकडून चित्र मोबाइलवर यायला वेळ लागतो, आपण बघतोय ते सगळं थोडं मागचं आहे, मैदानावर झाल्यावर अर्ध्याएक मिनिटानं इथं दिसतं. हे कळल्यावर आणखीच पंचाईत झाली. कान फोनकडं, डोळे टीव्हीकडं. फोनमध्ये गलका झाला की सगळे पुढं सरकायचे, आणि मग टीव्हीत तो गलका यायची वाट बघायची. सासरे म्हणाले, बंद करा ते, निम्मा खेळ सांगूनच संपवतोय. मी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावून स्वयंपाकघरात गेले. फोन बंद करायला हवा होता. पण काय होतंय हे ऐकल्याशिवाय मला चैन पडेना, हे खरं.

जावेनं विचारलं, "काय म्हणत्यात?"

मी तिला सांगितलं की दुसरी तुकडी पळतीय, तुझी लेक या डावात शेवटच्या तुकडीत ठेवलीय. आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या दिवसांच्या वादात जे सुचलं नव्हतं ते हातातल्या फोनमुळं सुचलं. मी म्हटलं, हे बघ, टीव्हीत दिसतंय ते आत्ताचं नाही. तिकडं होऊन गेलंय. तू बाहेर येऊन बघितलंस तरी तुझं बघणं तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचायच्या आधीच सगळं झालेलं असतं.

तिनं हातातलं पीठ तसंच धरून ठेवलं. "म्हंजी ताजं न्हाय?"

"नाही."

"शिळं हाय?"

मी म्हटलं, हो, शिळं आहे.

ती विचारात पडली. आमच्याकडं दूध, लोणी, नव्या नवरीचं ताट असं काही घराबाहेर न्यायचं तर पदराखाली झाकून नेतात, वर कोळशाचा तुकडा ठेवतात. शिळी भाकरी कुणी झाकून नेत नाही. तिला नजर लावणार कोण? मी हे तिला सांगितलं नाही. तिचं तिलाच दिसलं असावं.

"शिळ्याला काय नजर लागतीय," ती म्हणाली, जणू मीच उलटं बोलत होते. गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि उंबऱ्यापर्यंत आली. खोलीत नाही आली. चौकटीला हात लावून उभी राहिली.

त्या वेळी टीव्हीवर शेवटची तुकडी उतरत होती. सासऱ्यांनी मागं न बघता सगळ्यांना हिशेब सांगितला: तिघींपैकी दोघी गेल्या तर सामना गेला. एक गेली तर चालतंय. शिट्टी होईस्तोवर दोघींनी टिकायचं.

जावेनं लेक ओळखली का, मला कळलं नाही. तिच्या मागं मी, कानाला फोन. टीव्हीत पुतणी पहिल्या खांबाला वळसा घालून ओळीतून नागमोडी निघाली होती, दोघींना चकवून. आणि माझ्या कानात दीर म्हणाले, "गेली."

मी हळू आवाजात विचारलं, कोण.

"आपली."

मग नुसता गोंगाट.

टीव्हीत ती अजून पळत होती. जाऊ चौकटीत उभी होती, आणि नुकतंच तिचं तोंड जरा सैल झालं होतं. आता थोड्या वेळात तिला दिसणार होतं की आपण बघायला आलो आणि पोरगी बाद झाली. तुळजापूर, मुरुम आणि आता माझं घर. यापुढं ती कधी बघणार नव्हती, आणि यापुढं बघायला सामनाही नव्हता. मी तिला आत बोलवू शकत होते. गॅसवर काहीतरी करपतंय म्हणू शकत होते, तिनं विश्वासही ठेवला असता. यांना खूण करून टीव्ही बंद करायला सांगता आलं असतं. मला कामं पटापट ठरवायची सवय आहे, पण त्या वेळी माझे पाय नुसते जागच्या जागी हलत होते.

शेवटी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खरं तेच सांगितलं. "ती आता बाद होणार आहे. झालीय. तू दारात आलीस तेव्हाच होऊन गेली असंल. बघायचं का नको ते तू ठरव."

ती वळली नाही. माझा हात बाजूलाही केला नाही. बघत राहिली.

लेक दुसऱ्या खांबापाशी पोचली, वळली, आणि पकडणाऱ्या मुलीनं जमिनीवर अंग झोकून देऊन तिच्या टाचेला हात लावला. सासरे हळहळले. पुतणी थोडं पुढं जाऊन थांबली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली. मग जिनं तिला बाद केलं होतं तिला हात देऊन उठवलं आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून मैदानाबाहेर गेली. घामानं निथळत होती. क्षणभर तिचं तोंड टीव्हीभर दिसलं.

यांनी मान वळवून जावेकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

जाऊ म्हणाली, "केस कवा कापले हिनं?"

सासऱ्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसायला लागले, मग काकू. मला हसू येईना, कारण ते मला ठाऊक होतं. शिबिरात गेल्यावर पुतणीनं वेणी कापली होती, पोलिसाच्या ट्रेनिंगला तसंही कापावेच लागतील म्हणून, आणि फोटो मला पाठवला होता. आईला सांगायची हिंमत झाली नव्हती. त्या वेणीला जावेनं बारा महिने तेल घातलं होतं.

"तुमास्नी म्हाईत व्हतं," जाऊ मला म्हणाली.

मी व्हय म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि खोलीत येऊन काकूंच्या शेजारी खाली बसली.

उरलेल्या दोघी पळतच होत्या. फोनमधून पुन्हा गलका ऐकू आला, मोठा, आणि जाऊ माझ्याकडं न बघता म्हणाली, फोन ठिवा अक्का, शिळंच बरं. मी फोन बंद केला. त्यानंतरचा तेवढा वेळ आम्ही सगळ्यांनी काही माहीत नसल्यासारखा बघितला. एकदा एक मुलगी अगदी बाद झाल्यासारखी वाटली आणि जावेनं काकूंचा हात धरला. मग शिट्टी झाली. दोघीही मैदानात उभ्या होत्या. आमच्या मुली जिंकल्या.

सासऱ्यांनी धपाट्यांची चळत मागवली. एवढे का केले, म्हणून कुणी विचारलं नाही. काकू जाताना थोडे घरी घेऊन गेल्या, यांनी लोणच्याबरोबर खाल्ले, तरी उरले. जावेला मात्र बसवेना. ताटल्या गोळा केल्या, खुर्च्या पुसल्या, काकूंकडं पोचवून आली. मी म्हटलं, बस जरा, आता संपलं. ती म्हणाली, "म्या बगितलं अन् गेली की वो."

"बघायच्या आधीच गेली होती."

"ते बी खरंच," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात ते पुरतं पटल्याचं नव्हतं. मला वाटलं होतं की एकदा बघितलं की तिच्या मनातलं जाईल. तसं काही गेलं नाही. फक्त शिळ्याचा एक नवा नियम तिला सापडला होता.

संध्याकाळी दिवेलागणीला पुतणीचा फोन आला. मागं मुलींचा आरडाओरडा. तिनं आधी काही विचारलंच नाही, नुसती मोठी मम्मी, मोठी मम्मी करत राहिली. मग विचारलं, "मम्मी कुठं व्हती?" म्हणजे नेहमीचंच, गोठ्यात की स्वयंपाकघरात. मी उत्तर न देता फोन जावेच्या हातात दिला.

जावेनं फोन कानाला लावला. अभिनंदन नाही, शाब्बास नाही. म्हणाली, "केस कापायच्या आदी इचारायचं असतं."

मग पुतणीचा आवाज आला, इतका बारीक की मला शेजारी उभं राहून कसाबसा ऐकू आला. "तुला कसं कळलं?"

"दिसलं की."

पुतणी रडायला लागली की हसायला, ते मला सांगता येणार नाही. जाऊ म्हणाली, जेवून घे, आणि फोन माझ्याकडं देऊन वळचणीचे कपडे काढायला बाहेर गेली. बाहेर दोरीवर एकही कपडा नव्हता.

आता राहिलं ते सांगते. पुतणीनं फोन ठेवताना विचारलं होतं, मम्मीनं पहिला डावबी बघितला ना, मोठी मम्मी? मी नाही म्हणू शकले नाही आणि हो म्हणायचं नव्हतं. म्हटलं, दाखवते. कारण खरं पळणं पहिल्या डावातलं होतं. दुसऱ्या डावात जावेनं बघितलं ते थोडंसं आणि शेवटी बाद होणं. सबंध सामना अजून त्या चॅनलवर आहे, मी लिंक जपून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीला निघताना मी जावेसमोर फोन धरला. आता तर अगदी शिळा, म्हटलं, कालचा.

तिनं पिशवीचा बंद आवळला. "एकटीनं नगं. ती आली की तिला शेजारी बसवून बघीन. म्हंजी कुठं पळाली, कुठं पडली, ते तिलाच इचारता यील."

त्यानंतर पुतणी घरी दोन दिवस आली आणि ट्रेनिंगला गेली. त्या दोन दिवसांत गावातल्या सत्काराची गडबड होती, आणि बेंबळीत घरात रेंज धरत नाही हे मी विसरले होते. सामना फोनमध्ये उतरवून घेऊन न्यायला हवा होता. रविवारच्या यादीतलं बाकी सगळं झालंय: खुर्च्या परत केल्या, बॅटरीत पाणी घातलं, लोड जागेवर ठेवला. खाली मी नंतर एक ओळ वाढवली, पहिला डाव उतरवून घेणे, पुतणीच्या पहिल्या सुट्टीला दोघींना घेऊन बसणे. तिच्यापुढं अजून खूण केलेली नाही.